हाक दिली होती का?

माण गावात शुभांगी नांदायला यायच्या आधी तिचा आवाज पोचला होता. किशोर आणि त्याच्या घरचे तिला बघायला मुळशी खोऱ्यात गेले, तेव्हा ती खाचराच्या बांधावर उभी राहून भातावरची पाखरं हाकत होती. पाहुणे गाडीतून उतरता उतरता दचकले. किशोरची आई, रंभाबाई, घरी येऊन शेजारणीला म्हणाली, "पोरगी गुनाची हाय, पन घरात बोलली तर कौलं खाली येत्याल." कौलं पुढं खाली आलीच, पण ती आयटीवाल्यांना भाड्यानं द्यायच्या खोल्या बांधायला. सुनेनं मात्र त्या आवाजाचं सोनं केलं. पोलिसात शिपाई म्हणून लागली, खात्याची परीक्षा देऊन फौजदार झाली, आणि चौकात उभी राहिली की तिला शिट्टी लागत नसे. रंभाबाई पंधरा वर्षं "हळू बोल गं बाई" म्हणत राहिली आणि बाहेर कुणी सुनेला नाव ठेवलं तर त्याच्या अंगावर धावून जात राहिली.

खात्यात दरवर्षी गोळीबाराचा सराव असतो. तिथले जयसिंग उस्ताद म्हणजे गुडघे गेलेला पण मिशा शाबूत असलेला माणूस. पुठ्ठ्याच्या माणसावर गोळी झाडायच्या आधी त्याला ओरडून थांबवायचं, हा त्यांचा दंडक. "पहिला गळा, मग घोडा," ते म्हणत, आणि ज्याचा गळा आधी निघाला नाही त्याचे गुण कापून टाकत, मग नेम कितीही बसलेला असो. नवी पोरं हसायची. पुठ्ठा काय ऐकणार? उस्ताद म्हणायचे, "पुठ्ठ्याला कोण सांगतंय? मी तुझ्या जिभेला सांगतोय. त्या वेळी डोकं ठिकाणावर नसतं. कान बंद पडतात, हात आपला वाटत नाही. तेव्हा जिभेला सवय पाहिजे." शुभांगी ओरडली की पलीकडच्या रस्त्यावरची माणसं हात वर करून उभी राहतात, असं ते सगळ्यांना सांगत. त्यात थोडी थाप होती.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी कासारसाईच्या धरणावर तिला त्या सवयीची गरज पडली. प्रदीप नावाच्या, पण ठाण्यात टोपणनावानंच ओळखल्या जाणाऱ्या सव्वीस वर्षांच्या माणसानं भांडणात चुलतभावावर कोयता चालवला होता आणि तो तसाच धरणाच्या भिंतीवर येऊन बसला होता. शुभांगी आणि हवालदार निरंजन त्याला आणायला गेले. निरंजन समजूत काढत पुढं झाला आणि पाय घसरून पडला. प्रदीपनं त्याच्या खांद्यावर एक वार केला, आणि थोडं थांबून दुसऱ्या वारासाठी कोयता उचलला. शुभांगीनं दोन गोळ्या झाडल्या. निरंजन वाचला. प्रदीप दवाखान्यात पोचायच्या आधी गेला.

यातलं तिला काय आठवत होतं? प्रदीपच्या शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाचं होतं, एवढंच. बाकी सगळं मुकं. स्वतःच्या पिस्तुलाचा आवाजसुद्धा नाही, आणि स्वतःची हाकही नाही.

हाक दिली होती का? गोळी झाडणं भाग होतं, याबद्दल तिला शंका नव्हती. पण समोरच्याला थांबायची एक संधी न देता आपण माणूस मारला असेल, तर पिस्तूल पुन्हा कमरेला लावायचं नाही आणि वर्दीही उतरवायची, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. नोकरीवर तिचा जीव होता, तरीही.

गोळीबाराची प्रांतसाहेबांकडं चौकशी लागली होती, आणि तिथल्या कागदावर उत्तर होतं. निरंजनच्या जबाबात लिहिलं होतं, "सदर इसमास तीन वेळा मोठ्याने इशारा देऊनही त्याने न ऐकल्याने." लांबून बघणाऱ्या दोघांच्या जबाबातही तेच वाक्य, त्याच जागी. आता हे वाक्य कुठून येतं ते शुभांगीला ठाऊक नसणार तर कुणाला? ठाण्यात जबाब लिहिणाऱ्या रायटरच्या बोटांत ते बसलेलंच असतं. साक्षीदार "व्हय साहेब, वरडल्या" म्हणाला की कागदावर "तीन वेळा मोठ्याने" उमटतं. तिनं स्वतः असे कितीतरी जबाब सांगून लिहून घेतले होते. ज्या वाक्यावर आजवर सगळी कचेरी विसंबली, त्यावर नेमका तिचाच विश्वास बसेना.

ती निरंजनला दवाखान्यात भेटायला गेली. "खरं सांग, मी हाक दिली?"

"आवो मॅडम, तुमी आन् हाक देनार न्हाई? दिली म्हंजे दिलीच."

"तुला ऐकू आली?"

निरंजननं पांघरुणाकडं बघितलं. "मला तवा माजी आईच दिसत व्हती, मॅडम. दुसरं काय बी न्हाई."

खात्यानं तिला गौतमीताई नावाच्या समुपदेशक बाईंकडं पाठवलं. मोठी शहाणी बाई. त्यांनी सांगितलं, "कान बंद होणं, एखादंच बटण डोळ्यांत भरणं, मधला तुकडा हरवणं, हे शरीर आपल्याला वाचवायला करतं. तुम्ही खोटं बोलत नाही आहात आणि तुम्हाला वेडही लागलेलं नाही. फक्त हरवलेला तुकडा मनानं रचून भरू नका." रोज चालायचं, झोपेची वेळ सांभाळायची, घरच्यांशी बोलायचं. आणि मनाची तयारी झाली की ती जागा एकदा बघून यायची, पण एकटीनं नाही. शुभांगी सगळं निगुतीनं करत होती, शेवटचं तेवढं सोडून.

गावाला यातलं काय कळणार! गावानं फ्लेक्स लावला. माणच्या चौकात बारा फुटी बोर्ड, वर "माणची वाघीण", बाजूला खराखुरा वाघ, आणि मधोमध शुभांगी. फोटो साखरपुड्यातला होता. नऊवारी, नथ, त्यावर कुणा कलाकारानं काळा गॉगल आणि दोन्ही हातांत दोन पिस्तुलं चिकटवली होती. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत रंभाबाई, रेशनकार्डावरचा फोटो, चेहरा पावतीवरच्या शिक्क्याएवढा. रविवारी सत्कार, डीजे, गुलाल. माणूस मारल्याबद्दल गुलाल उधळायचा असतो का, हा प्रश्न बोर्ड लावणाऱ्या तरुण मंडळाला पडला नाही. त्यांच्या मनात प्रेमच होतं, पण प्रेमाला अक्कल थोडी कमी पडली.

शुभांगी बोर्ड बघून घरी आली आणि ओट्यावर बसली. "आत्या, मला न्हाई जायचं सत्काराला."

"का गं? मेलेल्याचं वाईट वाटतंय?"

"वाटतंय. लई वाटतंय. पन त्याच्या बी पुढचं हाय." आणि तिनं सासूला पहिल्यांदाच सगळं सांगितलं, बटणापासून निरंजनच्या पांघरुणापर्यंत.

रंभाबाईनं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि म्हणाली, "म्हंजे तू वरडलीस का न्हाई, येवढंच ना? मग चल, इचारून येऊ."

"कुनाला?"

"कुनाला म्हंजे? ज्याचं धरन त्याला! हितं बसून काय कळनार हाय?"

अशी तयारी झाली. गौतमीताईंच्या मनातली सोबत बहुधा वेगळी असावी. पण गुरुवारी दुपारी स्कूटीवर सून पुढं, सासू मागं, अशी वरात कासारसाईला निघाली. रंभाबाईचा जन्म माणमध्ये गेला, धरण हाकेच्या अंतरावर, पण तिनं ते कधी पाहिलं नव्हतं. "आगं बया, येवढं पानी! आन् आमी टँकरची वाट बगतो," असं म्हणून ती धरणावरच रागावली. त्या रागानं शुभांगीला हसू आलं, आणि हसता हसताच ती त्या जागेपाशी येऊन उभी राहिली. छातीत धडधडलं. पण ऊन तेवढंच होतं, पाणी तेवढंच, आणि सासू शेजारी पदरानं वारा घेत होती. पाच मिनिटं उभं राहिल्यावर धडधड आपोआप खाली आली.

रंभाबाईचं लक्ष एव्हाना कणसांकडं गेलं होतं. भिंतीच्या पायऱ्यांपाशी रहिमतबी नावाची म्हातारी शेगडीवर मक्याची कणसं भाजून विकत असे. दोघी तिथं गेल्या. म्हातारीनं कणीस फिरवता फिरवता वर बघितलं, शुभांगीला निरखलं, आणि तिच्या हातातला चिमटा खाली पडला.

"तूच ती! आगं बाई, काय वरडलीस त्या दिशी! माजा धक्का लागून शेगडी उलटली, टोपलंभर कनसांची माती झाली!"

शुभांगी तिच्यासमोर पायरीवर बसली. "मावशी, तुमी व्हता हितं?"

"हितंच, पायरीच्या खाली दडून. मग पोरीकडं, हीनाकडं गेले पौडला, म्हैनाभर. पुलिसांनी इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई. कोरटाच्या येरझाऱ्या कुनाला पायजेत? पन येक-येक बोल ध्यानात हाय. तू म्हनलीस..."

"थांबा!"

तो आवाज असा निघाला की पलीकडं फोटो काढणाऱ्या आयटीतल्या पोरांनी खिशात मोबाइल टाकले. शुभांगीनं म्हातारीचे हात धरले. "मावशी, मला सांगू नका. माजी चौकशी चाललीया. मी ऐकलं तर लोक म्हनतील, फौजदारनीनं साक्षीदार पढवला. जे आठवतंय ते प्रांतसायबांफुडं सांगा. माज्या बाजूचं आसंल नायतर इरुद्ध, हाय तसं."

रहिमतबीनं हात सोडवून पडलेला चिमटा उचलला. मग म्हणाली, "येते. तू बोलिवतीस तर येते."

रंभाबाईचा मात्र जीव वरखाली. परतीच्या वाटेवर ती मागून सुनेच्या खांद्यावर थापा मारत होती. "तोंडाशी आलेला घास, आन् तू ताट सारलंस! मला जाऊ दे माघारी. मी ऐकते, तुला नुसती मान हलवून सांगते."

"न्हाई, आत्या."

"अर्धी मान!"

शुभांगी हसली खरी, पण तिला भीती होती. आपण ओरडलो एवढं कळलं होतं. पण माणूस भ्यायला की किंचाळतोही. ती हाक होती की नुसती किंचाळी? म्हातारी तेच सांगणार असेल तर? ठाण्यातल्या सहकाऱ्यांनी कळवळून सांगितलं, आधी ऐकून घ्या, मगच नाव पुढं करा. तिनं शुक्रवारीच अर्ज दिला की असा असा साक्षीदार आहे, काय सांगणार ते मला माहीत नाही. किशोरनं मंडळाच्या पोरांना गाठून सत्कार थांबवला. पोरं हिरमुसली, पण त्यांनी बोर्ड उतरवला.

पुढच्या मंगळवारी प्रांत कचेरीत चौकशी होती. शुभांगीलाही त्याच दिवशी बोलावलं होतं. ती आणि रंभाबाई बाहेर बाकावर बसल्या, आत रहिमतबी. मध्ये नुसता पडदा, आणि म्हातारी काही हळू बोलणाऱ्यातली नव्हती.

कारकून विचारत होता, "तर फौजदार मॅडमनी सदर इसमास तीन वेळा मोठ्यानं इशारा दिला. असंच ना?"

"न्हाई," रहिमतबी म्हणाली.

बाहेर रंभाबाईनं सुनेचं मनगट घट्ट धरलं. शुभांगीनं डोळे मिटले.

"नाही म्हणजे? इशारा दिला नाही?"

"आरं, इशारा कसला! आन् तीनदा कुटं? चार-पाच येळा झालं आसंल. म्या काय मोजत व्हते व्हय, दडले व्हते मी!"

"मग नेमकं काय म्हणाल्या त्या?" हा प्रांतसाहेबांचा आवाज होता, शांत.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. म्हातारी उभी राहिली असावी. आणि मग तिनं, होता नव्हता तेवढा जोर काढून, त्या दुपारचे बोल जसेच्या तसे कचेरीत सोडले.

"परदीप! आरं परदीप, टाक त्यो कोयता! टाक माज्या बाबा, पाया पडते तुज्या! टाक, आपन घरी जाऊ!"

कचेरीतली टायपिंगची टकटक थांबली. चहा घेऊन आलेला शिपाई दारातच उभा राहिला. शुभांगीला तरीही काही आठवलं नाही. पण शब्द तिचेच होते. पोलिसांच्या कुठल्या पुस्तकात ते नव्हते, उस्तादांनीही ते कधी शिकवले नव्हते. उस्तादांनी फक्त गळा मोकळा करून ठेवला होता. त्यातून बाहेर काय आलं ते तिचं तिचं होतं. आख्खं ठाणं ज्याला टोपणनावानं ओळखत होतं, त्याला तिनं त्याच्या नावानं हाक मारली होती.

आत कारकून चाचरत म्हणाला, "बरं. म्हणजे वारंवार इशारा देऊनही..."

"आरं, पुन्यांदा इशारा! इनवत व्हती ती त्याला. हातात पिस्तूल धरून इनवत व्हती. तसं लिव."

मग प्रांतसाहेब म्हणाले, "विनवणी केली, असंच लिहा. आणि आजी म्हणाल्या ते शब्द जसेच्या तसे घ्या."

टकटक पुन्हा सुरू झाली. बाहेर बाकावर शुभांगी रडत होती, आणि रडता रडता तिला हसूही फुटत होतं, दोन्ही आवरायच्या पलीकडं. रंभाबाई तिची पाठ चोळत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "माजी सून हाय. काय न्हाई झालं, चांगलंच झालंय." थोड्या वेळानं शुभांगीनं तोंड पुसलं आणि तिथूनच जयसिंग उस्तादांना फोन लावला. "सोमवारी सरावाला येते," एवढंच म्हणाली. उस्ताद पलीकडून "ये" म्हणाले आणि त्यांनी नाक शिंकरलं.

अंगठा उमटवून रहिमतबी पडदा सारून बाहेर आली. बोटाला शाई, चेहऱ्यावर मोठी लढाई मारल्याचा रुबाब. शुभांगीला बघून तिनं विचारलं, "काय गं, हितवर आलं का आईकू?"

"आलं, मावशी," शुभांगी म्हणाली. "आज पहिल्यांदाच आलं."