सुतकात हुकलेली रेल्वे

आमच्या गावाला एकेकाळी रेल्वे होती, हे व्यंकटराव पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात. इंजिन नव्हतं, डबे नव्हते. पण रूळ होते. पुसेगावच्या बाजूच्या खदानीतून तलावाच्या भिंतीसाठी दगड आणायला ठेकेदारानं टाकलेले, चांगले दोन कोस. त्यावर लोखंडी ट्रॉल्या, आणि त्या ओढायला तांड्यावरच्या खेमाच्या वडिलांचे बैल. चालली चार महिने. परतीच्या रिकाम्या ट्रॉलीत गावकऱ्यांना फुकट बसू द्यायचे.

सगळं गाव बसलं. व्यंकटराव सोडून.

तेव्हा ते सात वर्षांचे. वडील म्हणाले, "लोखंडाचं वाहन हाय, पहिल्यांदा मुहूर्तावरच बसायचं." पाडवा ठरला, तर भावकीत सुतक पडलं. मग अक्षय तृतीया ठरली. तिच्या आठ दिवस आधी भिंत पुरी झाली आणि ठेकेदारानं रूळ उपटून नेले.

त्या चार महिन्यांत त्यांच्याच वयाचा खेमा रोज दारावरून जायचा, दगडांच्या ढिगावर बसून, हात हलवत. ते हात व्यंकटरावांना साठ वर्षं दिसतायत. खेमाला नातू झाला तेव्हा त्याचाच पेढा तोंडात ठेवून म्हणाले, "याला सगळंच फुकटात भेटतं."

यंदा शाळेतल्या प्रतिक्षा मॅडमनी त्यांना रेल्वेचा इतिहास सांगायला बोलावलं. त्यांनी ट्रॉल्या किती ते सांगितलं, बैलांची नावंसुद्धा सांगितली. खेमा दाराशी ऐकत बसलेला. मग पुढच्या रांगेतल्या पोरीनं विचारलं, "आजोबा, बसल्यावर कसं वाटायचं?"

थाप मारायला इतकी सोपी जागा पुन्हा मिळणार नव्हती. त्यात खेमा मान डोलवून 'सांगा की' म्हणत होता. म्हणजे खोट्याला साक्षही हाच देणार! एवढे उपकार मात्र व्यंकटरावांना सोसवेनात.

"मी बसलो न्हाई," ते म्हणाले. "खेमा बसला. त्याला इचारा."

खेमा उठला. "काय सांगू लेकरांनो, लई आदळायचं. दगड टोचायचे. उतरल्यावर घंटाभर बूड सुन्न."

पोरं खिदळली. व्यंकटरावांनी भुवया आवळल्या. "मंग हात काहून हलवून राहिला होता रे, रोज?"

"तोल सांभाळून राहिलो होतो, पाटील. पडलो असतो न्हाई तर."

मागं बसून ऐकताना मला वाटलं, त्या हातांच्या जाचातून सुटले बिचारे. पण घरी जाताना व्यंकटराव शाळेच्या फाटकाशी थांबून म्हणाले, "नशीबवान लेकाचा. आमाला तोल सांभाळायलाबी भेटला न्हाई."