रोशनचं पांढरं कार्ड

“पेशंटला सिकल आहे का?” कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी विचारलं आणि मी छातीठोकपणे सांगितलं, “नाही. पांढरं कार्ड आहे.” त्या एका वाक्यापायी रोशनचा जीव जाता जाता राहिला. तुमच्यावर अशी वेळ आली तर माझ्यासारखा शहाणपणा करू नका, म्हणून हे लिहिते आहे.

सिकलसेल म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार. तो आईबापाकडून येतो. आमच्या गोंदियाकडे लग्न ठरवताना म्हणूनच कार्ड मागतात. पांढरं म्हणजे काही नाही, पिवळं म्हणजे वाहक, लाल म्हणजे आजार. माझं पिवळं. पिवळ्या कार्डाच्या मुलीने लाल कार्डाचा मुलगा करायचा नाही, हे आमच्या घरी पक्कं होतं. पोरांच्या नशिबी आजार यायची भीती.

कॉलेजपासून माझं आणि रोशनचं जमलेलं होतं, तरी बाबांनी त्याचं कार्ड मागितलंच. त्याने फोनवर फोटो पाठवला. पांढरं! साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा. फोटोत नावावर अंगठा आला होता. ते कार्ड त्याच्या मोठ्या भावाचं होतं. घरात एवढी शिकलेली माणसं, पण सगळ्यांनी फक्त रंग बघितला.

रोशन नागझिऱ्याच्या जंगलात गाईड आहे. डिसेंबरच्या थंडीत तीन सकाळी तो उघड्या जिप्सीत फिरला. चौथ्या दिवशी ताप आला, छातीत दुखू लागलं. त्याच्या आईने त्याला गोंदियाच्या दवाखान्यात आणलं. कामठ्याहून मी पोचले, तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं.

एक्स-रे झाला. न्यूमोनिया धरून उपचार सुरू झाले. दुसऱ्या दिवशी डोळे पिवळे, हिमोग्लोबिन पाच, आणि ऑक्सिजन लावूनही धाप वाढतच चालली. डॉक्टर पुन्हा सिकलचं विचारायला आले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याची आई माझ्याकडे बघत म्हणाली, “लाल आहे जी, साहेब. लहानपणापासून.”

“दो दिन से पूछ रहा हूँ, माताजी!” डॉक्टर ओरडले.

“पोरीसमोर कसं सांगू? लगन मोडलं असतं.”

हा ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम होता. वाकड्या पेशी फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि श्वास कोंडतो. एक्स्चेंज ट्रान्सफ्युजन करायचं ठरलं, म्हणजे त्याचं रक्त थोडं थोडं काढून दुसऱ्याचं भरायचं. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. मी त्यांच्याकडे पाठ करून. रोशनचा इतका राग आला होता, की हा मरता कामा नये, याला मला भरपूर शिव्या घालायच्या आहेत, असं मनात घोकत होते.

दोन दिवसांनी धाप कमी झाली. मग इको झाला, आणि डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला. “औषधं आहेत, पण हे बरं होणारं नाही. किती वर्षं, मी सांगू शकत नाही. फार लांबचे बेत करू नका.”

मी वॉर्डात गेले. घोकलेली एकही शिवी आठवली नाही.

“सांगतलं असतं तर तू नाही म्हटली असती,” तो म्हणाला.

“हो. नाहीच म्हटली असती.”

“मंग जा आता. मी काही म्हनत नाही.”

“जाऊ का म्हनून मी तुले विचारून राहिली काय?”

त्या डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही. रोशनच्या आईशीही मी आता बोलते, तुटक का होईना. बाबा मात्र बोलत नाहीत. लग्न होईल की नाही, कोण जाणे. मी रोशनला एकच अट घातली आहे: कुठेही दुखलं, तर सगळ्यात आधी मला सांगायचं.

घरी गेल्यावर महिनाभर त्याचं सारखं “मस्त आहे” चाललं होतं. परवा सकाळी फोन आला.

“डावा पाय दुखून राहिला,” तो म्हणाला. “भेव लागून राहिलं.”

मला इतकं बरं वाटलं, की आधी रडून घेतलं. मग स्कूटी काढली.