दहा कोटी आकडे आणि माझं आडनाव

"आडनाव वाचलं तेव्हाच समजलो. लूप इंडेक्सचाच असणार," टीम लीड सर म्हणाले.

रामदासपेठेतलं आमचं ऑफिस. दर शनिवारी एकेकाचा कोड मोठ्या पडद्यावर लावून सगळ्यांसमोर तपासायची रीत. त्या दिवशी पडद्यावर माझा होता. दहा कोटी आकड्यांची बेरीज, लूपनं, म्हणजे एकेक आकडा घेत शेवटापर्यंत. इंडेक्स म्हणजे घरनंबर पाहत पाहत जाणं, पॉइंटर म्हणजे एका दारावरून सरळ पुढच्या दारावर सरकणं. सर पुढं म्हणाले, "पॉइंटर फास्ट असतो. पण त्याला डोकं लागतं, कोटा नाही." सगळे हसले. मीबी हसलो. हो, मीबी! "चुकलं सर," म्हणालो अन् पॉइंटर लावला.

सोमवारी दोन्ही कोड वीस-वीसदा चालवून पाहिले. वेळ सारखाच. कोड मशीनच्या भाषेत नेणारा आजकालचा कम्पायलर दोन्हींचं आतून एकच करून टाकते. सर धडधडीत चूक होते. मी ते आकडे एका फाइलीत ठेवले अन् गप बसलो. प्रमोशन तोंडावर होतं ना.

सहा महिन्यांनी टीममध्ये पारशिवनीची एक पोरगी आली. आमच्यातलीच. तिच्या आजोबांनीबी दीक्षा घेतलेली. पहिल्याच शनिवारी तिचाबी लूप इंडेक्सचा निघाला. सर तेच बोलले, मग माझ्याकडे वळले. "तू सांग हिला. तू सुधारलास."

मी उभा राहिलो. म्हणालो, "पॉइंटर फास्ट असतो."

तिनं तिथंच कोड बदलला. घाबरून, घाईघाईत. पॉइंटर शेवटच्या आकड्याच्या पुढं निघून गेला अन् प्रोग्राम आपटला. पुन्हा हशा. सरांनी तिले टीममधून काढून टेस्टिंगले, दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधायले बसवलं.

 तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तिले ती फाइल दाखवली. तिनं फाइलीची तारीख पाहिली, सहा महिन्यांआधीची.

"दादा, तुमाले माहीत होतं?"

"हो."

"मंग काहून नाही बोलले?"

मी फाइल बंद केली.  सरांनी मले खाली पाहायले लावलं, तिले मी लावलं.

पुढच्या शनिवारी कोणी न विचारता दोन्ही कोड पडद्यावर चालवले. सारखाच वेळ. सर म्हणाले, "फार शहाणा झालास!"

"शहाणा पहिलेपासून होतो सर. भेकड होतो."

कोणी हसलं नाही.

प्रमोशन गेलं. ती अजून टेस्टिंगलेच आहे, माझ्याशी बोलत नाही. मी माफी मागितली नाही. माफी मागून मोकळं नाही व्हायचं मले. दर शनिवारी पहिल्या खुर्चीवर बसतो. सरांच्या तोंडी कोणाचं आडनाव आलं की उभा राहतो. "मोजून दाखवा, सर."