सूपभर ज्वारीचा मुलगा

द्वारकाबाईनं आयुष्यात एक गोष्ट फार नेमानं पाळली, आणि तीच तिच्या अंगाशी आली.

तीन लेकरं पाळण्यातच गेली होती. पोलीस ॲक्शननंतरच्या साली चौथा झाला, तेव्हा तिनं त्याला रिवाजाप्रमाणे उकिरड्यावर सांडलं, म्हणजे टाकल्यासारखं नेऊन ठेवलं. टाकलेल्या पोराला मरण शिवत नाही, अशी समजूत. गारखेडा तेव्हा शहराबाहेरचं खेडं होतं. शेजारच्या कमरुन्निसानं ठरल्याप्रमाणे बाळ उचललं आणि सूपभर ज्वारी घेऊन द्वारकाबाईला परत विकलं. नाव पडलं सांडू.

पोर जगलं, पण बाईची भीती काही गेली नाही. लाड केला तर नजर लागेल, म्हणून तिनं त्याला चारचौघांत कधी जवळ घेतलं नाही. कुणी कौतुक केलंच तर म्हणायची, "आमचं कुठलं, उकिरड्यावरून उचलेल हाय त्ये."

मागून बद्रीनाथ झाला. तोवर धीर आला होता. त्याला देवाचं नाव मिळालं आणि आईची मांडीही. सांडू कमरुन्निसाच्या ओट्यावर वाढला, कारण तिला लाडाची बंदी नव्हती. घरात तो सगळ्यांचं झाल्यावर जेवायचा, अंथरूण दाराशी टाकायचा. किती गुणाचं पोर, म्हणून द्वारकाबाई मनात सुखवायची. आई असून तिला एवढंही कळलं नाही.

नवरा गेला तेव्हा सांडू स्वतः दोन लेकरांचा बाप होता. थोरला म्हणून लोकांनी विस्तवाचं मडकं त्याच्यापुढं धरलं. तो मागं सरला.

"बद्रीला द्या," तो खाली बघत म्हणाला. "रक्ताच्या माणसानं धरावं. मी उचलून आणलेला."

द्वारकाबाईला आत्ता उमगलं. इतकी वर्षं हा पोरगा स्वतःच्या घरात अंग चोरून राहिला, आणि ते आपणच त्याला शिकवलं. तिला नवऱ्याच्या मरणापेक्षा स्वतःची लाज जड झाली. ती उठली आणि सगळ्यांदेखत तिनं त्याचा हात धरला.

"सांडू, तू माझ्या पोटचा हाईस. त्ये समदं तू जगावास म्हणून केलं व्हतं रं."

सांडूनं ऐकून घेतलं. मग मान वळवून बायकांत बसलेल्या कमरुन्निसाकडं पाहिलं.

"खरं हाय, बेटा," ती म्हणाली. "म्या निस्तं उचललं. तुझी माय तिथंच आडोशाला रडत उभी व्हती."

तेव्हा कुठं त्यानं मडकं घेतलं. द्वारकाबाई दारातच उभी राहिली. पोटच्या पोराला आपण आई असल्याचं पटवायला तिला शेजारणीची साक्ष लागली होती.