गावपळणीतलं वाचनालय

कुमुदताई परुळेकर आमच्या गावच्या वाचनालयात बावीस वर्षं एकट्या बसल्या. अनुदान वाढावं म्हणून त्यांनी इतके अर्ज केले, की पोस्टमन कंटाळला. शेवटी २००४ मध्ये तपासणीची तारीख आली, तीही नेमकी गावपळणीत! देवाच्या कौलाने तेव्हा अख्खा गाव गुरंढोरं घेऊन तीन दिवस वेशीबाहेर राहतो. तारीख बदला, असं ताईंनी कळवलं. उत्तर आलं नाही.

मग त्यांनी चार पेट्या पुस्तकं बैलगाडीत घातली आणि वेशीबाहेरच्या आपल्या झोपडीत मांडली. रिकामे बसलेले लोक पुस्तकांवर तुटून पडले. मासे विकणारी यमुनाबाईसुद्धा आली, "माका मोठ्या अक्षरांचा दी गो," म्हणत. देवघेवीची वही सह्यांनी भरली.

तपासणीचे साहेब मात्र गावातलं कुलूप बघून परत गेले.

गाव परतला. ताई रोज वाचनालय उघडत, वाचकांची वाट बघत, संध्याकाळी बंद करत. महिन्याने शेरा आला: 'वाचक आढळले नाहीत.' मी वाचनालयाचा सचिव. संतापून म्हणालो, "ताई, ती वही पाठवूया. हे धडधडीत खोटं आहे."

ताईंनी रिकाम्या बाकांकडे पाहिलं.

"खोटा खंय आसा रे ता?"