हरणांच्या मोसमात कारखाना हलवू नये

ज्या शब्दामुळे माझी नोकरी गेली, त्याच शब्दावर कॉलेजात स्पर्धा आहे हे कळलं तेव्हा मी आधी चिडले आणि मग नाव नोंदवलं. रिस्ट्रक्चरिंग, म्हणजे कंपनीची फेररचना! डेट्रॉइटजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी नऊ वर्षं सॉफ्टवेअर सांभाळलं. मग एका शुक्रवारी लॅपटॉपच्या पडद्यावर एक अनोळखी बाई आली, तिने कागदावरचं वाचून दाखवलं, आणि अकरा मिनिटांत मी त्या कंपनीची उरले नाही. त्यानंतर दोन महिने मी घरात भांडी आपटली आणि अडतिसाव्या वर्षी एमबीएला प्रवेश घेतला.

एमबीएचं पहिलं वर्ष संपलं की उन्हाळ्यात इंटर्नशिप करायची असते. ती मिळाली की पुढची नोकरी बहुतेक तिथेच लागते. वर्गातल्या पंचविशीतल्या पोरांना ती पटापट मिळत होती. मला मात्र गोड भाषेतले नकार येत होते. स्पर्धा जिंकणाऱ्या संघाची मुलाखत घ्यायला एक सल्लागार फर्म येणार होती, बुडत्या कंपन्या सावरणारी. अनुभवासाठी भाग घेतला वगैरे मी म्हणणार नाही. मला ती मुलाखत हवी होती.

आमचा संघ तिघांचा. ॲरिझोनाची एक माजी लष्करी अधिकारी, जिला सगळे कॅप्टन म्हणायचे, आणि टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये जन्मलेला, वाढलेला एक मराठी मुलगा. त्याच्याशी मी मराठीत बोलायचे, तो इंग्रजीत उत्तरं द्यायचा आणि शेवटी 'ओके, मावशी' म्हणायचा. भर वर्गात मावशी! मी रागावणार होते, पण तोवर कॅप्टनही मला मावशी म्हणायला लागली होती.

आम्हाला दिलेली कंपनी काल्पनिक होती. गाड्यांच्या सीटचे सांगाडे बनवायची, मिशिगनमध्ये दोन कारखाने, दोन्ही अर्धे रिकामे. एक बंद करून त्यातली यंत्रं दुसऱ्यात न्यायची, हे उघडच होतं. प्रश्न होता तो कधी आणि कसं. निर्णय सप्टेंबरात घ्यायचा होता, आणि सोबतच्या तक्त्यात नोव्हेंबरच्या मध्याला एक आठवडा उत्पादन एकदम खाली आलेलं दिसत होतं. आम्ही खूश. काम कमी असतं तेव्हाच यंत्रं हलवायची! त्या एका आठवड्याभोवती आम्ही सगळी योजना रचली.

स्पर्धेच्या आधीच्या रविवारी जवळच्या ट्रॉय गावी काकांच्या बेसमेंटमध्ये रंगीत तालीम ठेवली. काका म्हणजे आमच्या मराठी मंडळातल्या सगळ्यांचेच काका. पत्र्याला आकार देणारे साचे, म्हणजे डाय, बनवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं इंजिनियर होते, आता निवृत्त. आधी खायचं, मग भाषण, अशी काकूंची अट होती. कॅप्टनने एका हातात साबुदाणा वडा धरूनच पहिली स्लाइड दाखवली.

नवव्या स्लाइडला काका हसायला लागले.

"नोव्हेंबरात यंत्रं हलवणार? कोण हलवणार?"

"वर्कर्स," शुगर लँडवाला म्हणाला.

"ते जंगलात असतात रे बाबा! डियर सीझन ओपन होतो ना. अर्धा प्लांट सुट्टी टाकून हरणांच्या मागे. माझ्या पहिल्या वर्षी मी नेमकी त्याच दिवशी नव्या डायची ट्रायल ठेवली होती. कामावर आलं कोण, तर मी आणि गेटवरचा गार्ड. तोसुद्धा फणफणत होता, त्याची सुट्टी कॅन्सल केली होती म्हणून."

"ड्यूड, सीरियसली?" आमचा पोरगा कपाळाला हात लावून बसला.

घरात अंडंसुद्धा येऊ न देणारे काका शिकारीचं वेळापत्रक तोंडपाठ सांगत होते. काम कमी म्हणून उत्पादन कमी, असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात माणसंच नव्हती. एक टेक्सासचा, एक ॲरिझोनाची, त्यांचं समजू शकते. पण मी नऊ वर्षं इथे काढली होती, आणि कारखान्यातल्या माणसांशी कधी धड बोलले नव्हते.

"जुलैत हलवा," काका म्हणाले. "तेव्हा दोन आठवडे प्लांट बंदच असतात, मोठी कामं सगळे तेव्हाच काढतात." मग चष्मा वर करून त्यांनी स्लाइड पुन्हा वाचली. "आणि लोकांना कधी सांगणार?"

स्लाइडवर लिहिलं होतं, 'नोटीस: कायद्यानुसार.' म्हणजे कायदा भाग पाडतो तेव्हाच, जेमतेम दोन महिने आधी. ती ओळ माझी होती. पडद्यावरच्या त्या बाईला वर्षभर शिव्या देणाऱ्या माझी. मला लाज वाटली, आणि मी तसं सगळ्यांसमोर बोलून टाकलं.

"लाज नंतर वाटून घे, आधी दुरुस्त कर," काकू म्हणाल्या. "चहा टाकते."

हाती पाच दिवस होते. मी हट्टाला पेटले. लोकांना सप्टेंबरातच सांगायचं, दुसऱ्या कारखान्यातल्या जागा आधी त्यांना द्यायच्या, शेवटपर्यंत थांबेल त्याला बोनस. आठ महिने उशीर म्हणजे तेवढा तोटा, कॅप्टन कुरकुरली. तिने दोन दिवस आकडे उलटेपालटे केले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, जमतंय.

स्पर्धेत तीन परीक्षक होते. मधल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी आयुष्यभर कारखाने चालवले होते. त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी नोव्हेंबर निवडला. तुम्ही जुलै का?"

मी हरणांचं सांगितलं. तो आठवडा आपणच मुद्दाम तक्त्यात ठेवला होता, असं म्हणत त्या हसल्या. "हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"आमच्या काकांनी. ते शुद्ध शाकाहारी आहेत."

सगळा हॉल हसला. मग त्यांनी दुसरा प्रश्न टाकला. "दहा महिने आधी सांगितलंत तर चांगली माणसं निघून जातील. तुम्ही स्वतः थांबला असता?"

बोनसवरचं उत्तर पाठ होतं. ते मी बाजूला ठेवलं.

"मला कुणी आधी सांगितलं असतं तर थांबले असते," मी म्हटलं. "नऊ वर्षांचं काम होतं. ते कुणाच्या तरी हातात नीट सोपवून निघाले असते." कॅप्टनने पाठीवर हात ठेवला, आणि बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

आम्ही जिंकलो. मी वयाला न शोभणाऱ्या उड्या मारल्या. आमच्या पोराने काकांना फोन लावला आणि चक्क मराठीत ओरडला, "काका, आपण जिंकलो!"

मुलाखती तिघांच्याही झाल्या. त्यानंतर आठवडाभर मी फोन उशाशी, ओट्याशी, सगळीकडे घेऊन फिरले. तो आला तेव्हा मी किराण्याच्या दुकानाबाहेर गाडीत बसले होते. फर्मची बाई एका दमात सांगत गेली: उन्हाळ्यासाठी तुम्हाला घेतोय, बंद होणाऱ्या कारखान्यांतल्या लोकांशी बोलणाऱ्या टीममध्ये, मे महिन्यापासून. मग तिने विचारलं, काही प्रश्न आहेत का?

"एकच," मी म्हटलं. "आत्ता जे सांगितलंत ते पुन्हा एकदा, जरा सावकाश सांगाल?"

ती हसली आणि माझ्या नावापासून पुन्हा सुरुवात केली.