कायतानची वही आणि माझं रजिस्टर

सहीचा कागद माझ्यापुढे होता आणि कॅप्टन घड्याळ बघत उभा होता. पळस्प्यापासून पेणपर्यंतच्या सगळ्या मोऱ्या सामानानं भरलेले लष्करी ट्रक पेलतील, एवढंच मला लिहून द्यायचं होतं. मोरी म्हणजे ओढ्यावरचा लहानसा पूल. वरून जाणाऱ्याला तो दिसतही नाही. रस्त्याच्या त्या भागावर देखरेख करणारा ओव्हरसियर मी, तेव्हा सही माझीच लागणार. आणि माझाच रोलर ड्रायव्हर कायतान दोन दिवस पनवेलच्या चौकीत बसून होता. त्याला तिथे मीच पोचवलं होतं.

साल १९६१, महिना डिसेंबर. गोव्यात फौज घुसणार अशी कुजबुज होती आणि आमच्या ऑफिसात दुसरा विषय नव्हता. पोर्तुगालचा बड्या पाश्चात्त्य राष्ट्रांशी लष्करी करार होता. एकावर हल्ला झाला की बाकीच्यांनी धावून जायचं, असा. तो गोव्याला लागू होतो की नाही, यावर चहाच्या वेळी भांडणं व्हायची. हेडक्लार्क म्हणायचे, हे सगळं निवडणुकीसाठी चाललंय. ड्राफ्ट्समन चिडून म्हणायचा, आपलंच घर मोकळं करायला हेतू कशाला लागतो? मला मात्र एकच भीती होती. उद्या ते करारवाले खरंच आले, तर त्यांना आमच्या रस्त्याची माहिती आधी कोण पुरवेल?

आणि कायतान गोव्याचा. आई तिकडे, हा इकडे. सरहद्दीवरच्या परवानग्यांच्या भानगडीत सहा वर्षं भेट नाही. माणूस अबोल, कामात चोख. पण त्या दिवसांत अबोलपणाचीच शंका यायची.

एक दिवस पळस्प्याच्या फाट्यावर रोलर उभा होता. वाफेच्या रोलरला दर थोड्या अंतरावर पाणी पाजावं लागतं, म्हणून कायतान बादल्या घेऊन विहिरीवर गेला होता. हत्यारांच्या पेटीत मला एक वही दिसली. अक्षरं रोमन, पण भाषा इंग्रजी नव्हे. मैलांचे आकडे, विहिरींची चित्रं, चढ-उतार, आणि एका मोरीपुढे लाल फुली. वही खिशात घातली आणि तडक फौजदारांकडे गेलो.

कायताननं चौकीत सरळ सांगितलं, की आपण कोकणी रोमन लिपीतच लिहितो, शाळेत तेच शिकवलं. पाणी कुठे मिळतं ते आपण टिपून ठेवतो. फुली म्हणजे कच्ची मोरी, तिच्यावरून रोलर न्यायचा नाही. फौजदारांनी माझं तपासणीचं रजिस्टर मागवलं. त्यात प्रत्येक मोरीपुढे माझ्या सुवाच्य अक्षरात ‘सुस्थितीत’ लिहिलेलं होतं.

“सरकारी रजिस्टर म्हणतं मोरी मजबूत, आणि हा म्हणतो कच्ची,” फौजदार म्हणाले. “मग फुली कशाची? सुरुंग लावायच्या जागेची?”

कायताननं माझ्याकडे एकदा पाहिलं. एक-दोन दिवसांत त्याला ठाण्याच्या तुरुंगात पाठवणार होते. तिथे गेलेला माणूस त्या दिवसांत कधी सुटेल, ते कोणीच सांगू शकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो सहीचा कागद घेऊन कॅप्टन आला. मराठी होता, बोलणं मोजकं. रजिस्टर आणि वही दोन्ही त्यानं चौकीतून आणली होती. माझ्यामागे रस्त्यावरच्या मजुरांच्या गँगचा मुकादम धर्मा उभा होता, जवळच्या कोन गावचा. कॅप्टननं त्यालाच विचारलं, रोलर त्या फुलीवाल्या मोरीवरून जातो का?

“नाय सायेब,” धर्मा म्हणाला. “तो बाजूनं ओढ्यात उतरवतो नि पल्याड चढवतो. आमी फळ्या टाकतो. गँगमदी सगल्यांना म्हायत हाय.”

कॅप्टन माझ्याकडे वळला. “ही मोरी कधी तपासलीत?”

“रजिस्टरात तारीख आहे.”

“ती मी वाचली. खाली उतरून कधी पाहिलीत?”

मी सही करू शकत होतो. मोरी कदाचित टिकलीही असती. पण ती सही झाली असती तर कायतानची फुली कायमची सुरुंगाची ठरली असती. मी कागद बाजूला सारला आणि म्हणालो, “उतरलोच नाही. पावसाळ्यानंतरची तपासणी मी टेबलावर बसून भरली.”

आम्ही जीपमधून मोरीवर गेलो. खाली वाकून पाहिलं तर कमानीचा चुना धुऊन गेला होता, दोन दगड निखळले होते, फटीत माझा हात कोपरापर्यंत गेला. परतीच्या वाटेवर कॅप्टननं शांतपणे विचारलं, “वही चौकीत दिलीत ती देशासाठी, की रजिस्टरसाठी?”

संध्याकाळी कायतान सुटला. ट्रक आमच्या रस्त्यानं गेलेच नाहीत. मुख्य फौज बेळगावकडून उतरली. करारातलं कोणी धावून आलं नाही आणि गोवा दोन दिवसांत मोकळा झाला. मोरी दुरुस्त झाली. माझ्या सर्व्हिस बुकात ताशेरा आला, तो योग्यच होता.

कायताननं आईला भेटायला रजा मागितली. अर्जावर शिफारस लिहून मी स्वतः त्याच्या खोलीवर गेलो आणि माफी मागितली. तो म्हणाला, “वाचता आलं नाही तर विचारायचं होतं, साहेब. मी काय लांब गेलो नव्हतो.” चहा दिला. पुढे रजेवरून आल्यावर त्यानं दुसऱ्या सेक्शनला बदली मागून घेतली.

खरं तर श्रावणातच त्यानं मला सांगितलं होतं, साहेब, ती मोरी एकदा बघा. मी ‘बघू’ म्हणालो होतो. वहीतली भाषा मला येत नव्हती, पण मैलाचा आकडा वाचता येत होता, आणि फुली कोणत्या मोरीवर आहे ते मला त्याच क्षणी कळलं होतं. एक देश दुसऱ्या देशात का शिरतो, यावर आजही लोक माझ्यासमोर तावातावानं बोलतात. मी त्यात पडत नाही. ती वही मी देशासाठी नाही, रजिस्टरसाठी खिशात घातली, हे कबूल करायलाच मला वीस वर्षं लागली.